मी झाकलेली विहीर

परत येऊन पंधरा दिवस झाले, पण डोकं काही थंड होत नाही. गावात जो भेटतो तो विचारतो, "काय बाई, कशी आहे नवी मुंबई?" मी म्हणते, छान आहे. रस्ते रुंद, झाडं भरपूर, माणसंही वाईट नाहीत. मग घरी येते आणि एकटीच चरफडत बसते. कारण खरं सांगायचं तर पाच दिवसांच्या त्या प्रवासात मी एक जिवंत विहीर झाकून आले. माझ्या हातानं, फीत कापून, टाळ्या घेऊन. आणि जिला त्या विहिरीची गरज होती, तिच्यासमोर दुसऱ्याच दिवशी उभं राहायची वेळ माझ्यावर आली. आता एकदा सगळं लिहून काढते.

मी माण तालुक्यातली. तीस वर्षं शाळेत बाई होते. आमच्याकडं पाण्याची काय तऱ्हा असते ते महाराष्ट्राला सांगायला नको. गावातल्या बायकांना गोळा करून दोन जुन्या विहिरींचा गाळ काढला आणि ओढ्याला दगडाचे बांध घातले, एवढीच माझी पाण्यातली कमाई. पण माझा धाकटा भाऊ संजू जुईनगरला राहतो आणि त्याच्या सोसायटीच्या हरित समितीचा सेक्रेटरी आहे. त्याला तेवढंही पुरलं. फोन करून म्हणाला, "ताई, रविवारी आमच्या पर्यावरण कट्ट्याचं उद्घाटन आहे. दुष्काळी भागात पाण्यासाठी काम केलेली प्रमुख पाहुणी पाहिजे. तूच ये." मी हुरळले. हुरळली मेंढी आणि लागली लांडग्याच्या मागं, तशी पिशवी भरून निघाले.

जुईनगर, शनिवार

संजूच्या घरी नळाला सकाळी पाणी, दुपारी पाणी, केव्हाही पाणी. मी पहिल्यांदा तोटी सोडली आणि बघतच राहिले. संजू कौतुकानं म्हणाला, "आमच्या शहराचं स्वतःचं धरण आहे, ताई. टेन्शन नाही." संध्याकाळी त्यानं मला फिरवलंही. खाडीला उधाण आलं की पाणी वस्तीत घुसू नये म्हणून इथं मोठाली तळी केली आहेत, त्यांना झडपा आहेत. भरतीला झडप मिटते, ओहोटीला उघडते आणि साठलेलं पावसाचं पाणी खाडीला जातं. ज्यानं कुणी हे डोकं चालवलं त्याला मी मनातून हात जोडले. चांगल्याला चांगलं म्हणायला माझी जीभ कधी अडखळत नाही.

पण घरात आले आणि पहिली ठिणगी पडली. स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करायचं यंत्र. त्यातून गडूभर पाणी शुद्ध होतं आणि त्याहून जास्त एका बारक्या नळीतून सिंकमध्ये वाहून जातं. माझ्या डोळ्यांदेखत! मी उठले, मोरीतली बादली आणली आणि नळी तिच्यात सोडली. संजूची बायको मेघा वरमली. "ताई, लक्षातच नाही आलं कधी," म्हणाली. गुणी मुलगी आहे. रात्री जेवायला बसेपर्यंत बादली भरली होती आणि मी त्या पाण्यानं त्यांची फरशी पुसून काढली.

"आणि पावसाचं पाणी जिरवता का?" मी संजूला विचारलं.

"म्हणजे काय! खड्डा आहे आपला. सर्टिफिकेट आहे."

मी म्हटलं, दाखव. पार्किंगच्या कोपऱ्यात लोखंडी झाकण होतं, त्यावर हिरव्या रंगात 'जल है तो कल है'. मराठी माणसांच्या सोसायटीत! झाकण उचलायला लावलं. आत गणपतीच्या मखराचा थर्माकोल, दोन फुटक्या कुंड्या आणि एक मोडकी सायकल. गच्चीवरून येणारा पाइप या खड्ड्याच्या शेजारून सरळ गटारात गेला होता. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! संजू म्हणाला, "पावसाळ्याआधी जोडून घेऊ, ताई. बुधवारी हरित स्पर्धेचे परीक्षक येणार आहेत, आत्ता त्या गडबडीत आहोत." मी गप्प बसले. पाहुणीनं पहिल्याच दिवशी भांडू नये, एवढी अक्कल मला आहे.

जेवणाआधी आम्ही वाशीला जाऊन नारळ, हार आणि तांब्याचा कलश घेतला. येताना संजूनं गाडीत पाण्याच्या छोट्या बाटल्यांची चार खोकी टाकली.

रविवार, कट्ट्यावर

सोसायटी आणि जुनं गावठाण यांच्यामध्ये एक मोकळा तुकडा आहे, बागेसाठी राखलेला. देखभाल सोसायटीकडं. तिथं गुडघाभर उंचीचा मोठा गोल कट्टा, त्यावर हिरवी प्लॅस्टिकची हिरवळ अंथरलेली आणि मधोमध एक झाड. झाड कसलं, फायबरचं! खोडाला ढोली, ढोलीत खोटा पोपट. चोहीकडं खरे पिंपळ, करंज उभे असताना यांनी खोटं झाड विकत आणलं होतं. मी संजूकडं बघितलं. तो म्हणाला, "याची पानं गळत नाहीत, ताई. कचरा होत नाही."

मी चप्पल काढून कट्ट्यावर चढले, कारण आमच्याकडं नारळ फोडायचा तर चपला काढतात. पाऊल टाकलं आणि तळपाय थंडगार झाले. हिरवळीखाली पाणी साठलं होतं. साडीचा काठ भिजला, पुढच्या पावलाला मी घसरले आणि माइकच्या दांड्याला मिठी मारून वाचले. लोक हसले, मीही हसले. संजू कानात म्हणाला, "स्लॅब नवा आहे, त्याला पाणी मारतोय. टँकर मागवतो रोज."

तिथंच माझी ट्यूब पेटायला हवी होती. अहो, कट्टा बांधायचा तर माती भरून फरशी घालतात. अधांतरी स्लॅब कशाला लागतो? खाली पोकळ असल्याशिवाय कुणी स्लॅब टाकतो का? तीस वर्षं पोरांना 'प्रश्न विचारा' म्हणून शिकवलं आणि स्वतः हार घालून घेण्यात दंग राहिले.

पूजेला कलश मांडला. त्यात पाणी ओतायचं तर एका सभासदानं बाटलीचं सील कडकन मोडलं आणि तीच ओतली. जलपूजन बाटलीबंद पाण्याचं! मला हसू आलं, पण तेही मी गिळलं. मग फीत कापली. कोनशिलेवरचा पडदा सरकवला. काळ्या दगडावर सोनेरी अक्षरांत माझं नाव, खाली 'यांच्या शुभहस्ते'. आमच्या घराण्यात दगडावर नाव लागलेली मी पहिलीच. तेव्हा ऊर भरून आला होता, हे कबूल करते.

सोमवार, गावठाणाच्या अंगाला

सकाळी फिरायला म्हणून एकटीच कट्ट्याकडं गेले. तिथं साठीची एक बाई उभी. नऊवारी, गळ्यात ठसठशीत सोनं, एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात नारळाच्या काथ्याची घासणी आणि बादली. नुसती कट्ट्याकडं बघत होती. मला वाटलं, नवीन कट्टा बघायला आली. मी म्हटलं, "छान झालाय नाही?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिच्या तोंडात मारली होती.

"छान? बाय, आमची बाव हाय याच्या खाली."

"बाव म्हणजे?"

"बावडी! विहीर. आमच्या गावाची."

मी पुढं काय ऐकलं ते नीट सांगते. तिचं नाव जनाबाई. आगरी. शेतं, मिठागरं गेली, आता गावठाणात तिचं चार मजली घर आहे, भाडेकरू आहेत, नळ आहे. गरीब वगैरे नाही. पण सगळ्या बाजूंनी खारं पाणी असलेल्या त्या वस्तीत ही एकच विहीर गोड. शहराची पाइपलाइन दुरुस्तीला निघाली की अख्खं गावठाण हिच्यावर. आणि घरात बाळ जन्मलं की सव्वा महिन्यानं बाळंतिणीनं बाळाला घेऊन याच विहिरीवर यायचं, हळदकुंकू वाहायचं, ओटी भरायची, पहिला हंडा भरून न्यायचा. त्याआधी बाळंतीण पाण्याला हात लावत नाही. जनाबाईच्या सुनेला मुलगी झाली होती. जनाबाई दहा दिवस उरणला सुनेच्या माहेरी होती, दोघींना आणायला. बुधवारी सव्वा महिना पुरा होत होता. ती आज विहिरीचा कठडा घासायला आली होती.

"पण गावातल्या कुणी अडवलं नाही?" मी विचारलं.

"बाप्यांना विचारला त्यांनी. बाप्ये बोलले, झाका, मच्छर कमी होतील. बायांना कोनी विचारलाय? पानी बाया भरतात, पूजा बाया करतात, आनी मुंडी हलवतात ते बाप्ये!"

मग तिनं कोनशिला वाचली. सावकाश, एकेक अक्षर लावत. "ही कोन बया हाय ती? ना बघायची, ना इचारायची, आली आनी झाकून गेली?"

देवाशपथ सांगते, पळून जावंसं वाटलं. पण म्हटलं, "मीच ती."

तिनं हातातली घासणी बादलीत टाकली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. उलट तिनं विचारलं, "तुमच्यात नाय का विहिरीवर नेत, बालंतिनीला?"

नेतात. आमच्याकडंही सव्वा महिन्यानं नेतात. संजू झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आई ओटी भरत होती आणि तिचे हात मोकळे राहावेत म्हणून संजूला मी धरला होता. हे मी तिला सांगितलं. मग तिनं मला घरी नेलं आणि तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण खाऊ घातलं. आमच्याकडं ज्याच्यावर राग आहे त्याला पाणीसुद्धा विचारत नाहीत. इथं रागावलेलं माणूस आधी जेवायला घालतं आणि मग म्हणतं, "बोला, आता बाव कदी उघडताव?"

संध्याकाळी संजूची मी जी खरडपट्टी काढली! तो म्हणाला, विहिरीत कचरा होता, मुलं डोकावायची, एखादं पडलं असतं. मी म्हटलं, "कचरा कुणी टाकला? पोर पडेल तर जाळी बसव ना. विहिरीला डास होतात म्हणून विहीर बुजवायची? मग डोक्यात उवा झाल्या की डोकं उडवायचं का?" तो म्हणाला, "बुजवली नाहीये, फक्त झाकलीये." त्या 'फक्त'वर मी ताटावरून उठले.

मंगळवार, कळंबोली

स्लॅब ज्या ठेकेदारानं टाकला त्याचं गोडाऊन कळंबोलीला लोखंड बाजारात. मेघानं ऑफिसला सुट्टी टाकली आणि मला गाडीत घालून नेलं. वाटेत कबूल केलं, "ताई, मला विहीर माहीत होती. मीटिंगमध्ये बोलावं वाटलं, पण सगळे एवढ्या उत्साहात होते." मी तरी रविवारी काय केलं होतं?

लोखंड बाजार म्हणजे सळयांचा खणखणाट, ट्रकांची रांग आणि तोंडात जाणारी तांबडी धूळ. ठेकेदार भला निघाला. खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. म्हणाला, "मॅडम, मी नकाशात मधोमध झाकण दिलं होतं. उघडायचं-लावायचं लोखंडी झाकण. कमिटी बोलली, मध्ये झाड लावायचंय, झाकण कॅन्सल."

फायबरच्या झाडासाठी! अहो, खोट्या झाडाला जागा पाहिजे म्हणून खऱ्या पाण्याचं तोंड बंद केलं. टेबलावर मूठ आपटली मी, चहा सांडला.

"आता कापता येईल?"

"येईल ना. कटर लावला की अर्ध्या दिवसाचं काम. पण कमिटीचं पत्र लागेल, तिघांच्या सह्या. त्याच्याशिवाय मी हात लावला तर उद्या मलाच आत घालतील." आणि निघताना, दारापर्यंत सोडायला येऊन हळूच म्हणाला, "आत हवा कोंडायला नको म्हणून कडेला एक पाइप सोडलाय. चार इंची. मोठ्या कुंडीच्या मागं आहे. कमिटीला पण माहीत नाही."

संध्याकाळी संजूपुढं मी स्लॅब कापायच्या पत्राचा कागद ठेवला. मेघानंच लिहिला होता. तो म्हणाला, "ताई, उद्या परीक्षक आहेत. उद्याचा दिवस जाऊ दे. बक्षीस लागलं की शांतपणे बघू."

"बाळाचा सव्वा महिना तुमच्या परीक्षकांसाठी थांबतो का रे?"

त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला. सही केली नाही.

बुधवार

परीक्षक दहाला येणार होते. आम्ही साडेनऊला गेलो. जनाबाई, तिची सून, सुनेच्या हातात बाळ, मेघा आणि मी. सून कोवळी पोर, हिरवं लुगडं नेसलेली, अजून चेहरा ओढलेला. तिनं कट्ट्यावरचा खोटा पोपट बघितला आणि सासूला विचारलं, "आई, बाव कुठं हाय?" जनाबाईनं स्लॅबकडं बोट केलं.

मी कुंडी सरकवली. मागं पाइपाचं तोंड. वाकून नाक जवळ नेलं तर खालून गार ओलसर वास आला. तो वास मला झोपेतही ओळखू येईल. विहीर होती, जिवंत होती.

पण चार इंचातून ना हंडा जातो, ना कळशी, ना तांब्या. मी इकडंतिकडं बघितलं. कुंडीमागं रविवारच्या रिकाम्या बाटल्या पडल्या होत्या, जलपूजनाच्या. पर्यावरण दिनासारखा सोहळा करून यांनी कचरा तिथंच लोटला होता! मी त्यातली एक उचलली. मेघानं ती धुतली. ती बुडावी म्हणून जनाबाईनं आत दोन खडे टाकले आणि बाटलीच्या गळ्याला रविवारच्या हाराचा दोरा बांधला. पुरेना. मग माझ्या पिशवीचा बंद तोडून जोडला, तरी पुरेना. सुनेनं बाळाच्या दुपट्याची नाडी सोडून दिली. बाटली खाली गेली आणि 'डुब' आवाज झाला. आम्ही पाचजणी, बाळासकट, पाइपाभोवती बसलो आणि बाटली भरेपर्यंत सुनेनं स्लॅबलाच हळदकुंकू वाहिलं.

नेमके तेव्हाच परीक्षक आले. दोन गृहस्थ आणि एक बाई, मागं संजू आणि समितीचे दोघे. आम्ही नवा स्लॅब हळदकुंकवानं पुजतोय, बाळंतीण ओटी ठेवतेय, हे बघून त्यातल्या बाई म्हणाल्या, "वा! सांस्कृतिक सहभाग पण आहे!" आणि टाळ्या वाजवल्या. एकानं फोटो काढले.

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. "टाळ्या कसल्या वाजवताय?" मी ओरडले. "ही विहीर आहे! गावाची गोड्या पाण्याची विहीर. हिच्यावर स्लॅब टाकून, टँकरचं पाणी मारून, वर प्लॅस्टिकचं झाड लावलंय. आणि फीत मी कापली. हे बघा माझं नाव!"

एका गृहस्थानं फाइल उघडली, पानं उलटली आणि शांतपणे म्हणाला, "पण आमच्या फॉर्ममध्ये इथे विहीर दाखवलेली नाहीये."

त्याच क्षणी जनाबाईनं बाटली वर ओढली. भरलेली. काचेसारखं नितळ पाणी. तिनं कुणाकडं बघितलं नाही. सुनेच्या ओंजळीत थोडं ओतलं, बाळाच्या टाळूला बोट लावलं आणि उरलेल्या पाण्याची ती बाटली 'पहिला हंडा' म्हणून सुनेच्या डोक्यावर ठेवली. सून एका हातानं बाटली आणि दुसऱ्या हातानं बाळ सावरत घराकडं चालायला लागली. मी संजूकडं वळले.

"या बाळाएवढाच होतास," मी म्हटलं. "आईनं आपल्या विहिरीला हंडा लावला तेव्हा तुला मी धरलं होतं. रडत होतास. पाणी लावलं टाळूला आणि गप्प झालास."

संजूनं खिशातून कागद काढला, मोटारीच्या टपावर ठेवला आणि सही केली. बाकीच्या दोघांनी केली नाही. म्हणाले, मीटिंग घ्यावी लागेल.

परवा संजूचा फोन आला. सोसायटीला हरित स्पर्धेत दुसरा नंबर मिळाला. सांस्कृतिक सहभागाचे गुण चांगले पडले म्हणे! मीटिंग अजून झाली नाही. जनाबाईनं आणि गावठाणातल्या बायकांनी पाइपाला कायमचा दोरा बांधून ठेवलाय आणि मेघा रोज ऑफिसला जाण्यापूर्वी कुंडी बाजूला सरकवून जाते. मग जरा घुटमळत तो म्हणाला, "ताई, तुला त्या दगडाची लाज वाटते ना? तेवढं माझ्या हातात आहे. तुझं नाव पुसून टाकतो."

"हात लावशील तर बघ," मी म्हटलं. "झाकताना मला विचारलं नाहीस, तर पुसताना तरी विचारलंस, हे बरं केलंस. विहीर उघडेपर्यंत ते नाव तिथंच राहू दे. येणाऱ्याजाणाऱ्याला कळू दे, कुणी झाकली ते."